"मॅडम, कोणाला सांगू नका ना" : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मुलं तुमच्यापाशी येऊन काही बोलतात तेव्हा ते कुठवर स्वतःजवळ ठेवायचं आणि कुठे सांगायचं, यात तुम्हाला काय अडचण येते. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, शिक्षक, आया, आशाताई, व्हॅनवाले काका, सगळ्यांची आली. छापताना शाळा, मोहल्ला, वर्ग सगळं मुद्दाम काढून टाकलंय, काही ठिकाणी मुलाच्या जागी मुलगी लिहिलंय. पुढेही पत्र पाठवाल तेव्हा लेकराचं नाव लिहूच नका, आम्हाला ते लागत नाही.

प्रश्न : ताई, मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत थांबली आणि म्हणाली मॅडम एक सांगू का, पण कोणाला सांगू नका ना. मी म्हटलं नाही सांगत बाळा, माझी शपथ. मग तिने सांगितलं की घरी राहायला आलेला एक नातेवाईक तिला नको तिथे हात लावतो. आता तीन रात्री झोप नाही. सांगितलं तर पोरीचा विश्वास जाईल, नाही सांगितलं तर काय होईल याची भीती वाटते. मुख्याध्यापिका बाईंना सांगून मोकळी होऊ का?

उत्तर : मॅडम, हे पत्र माझ्या हातात पोचेपर्यंतच उशीर झालाय म्हणून तुम्हाला फोन करून सांगितलं, पण ज्या इतर शिक्षकांवर ही वेळ येईल त्यांच्यासाठी इथे सगळं लिहिते. ही गोष्ट तुमच्याजवळ ठेवता येणारच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्याचं कलम १९ सांगतं की १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय हे ज्याला कळलं किंवा तशी शंकाही आली, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. ज्याला म्हणजे कोणालाही, शिक्षक, शेजारी, डॉक्टर, शिपाई. नाही कळवलं तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही तरी तुमच्यावर केस होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय, हे मात्र कोणी सांगत नाही म्हणून लोक घाबरतात.

मुख्याध्यापिकेला सांगा, जरूर सांगा, पण तेवढ्याने तुमचं काम संपत नाही. बाई म्हणाल्या की शाळेचं नाव जाईल, आपण पालकांना बोलावून मिटवू, तर तुम्ही मिटवायला हो म्हणू नका, कारण कळवायची जबाबदारी त्यांच्यावरही आहे, आणि शाळेतल्याच हाताखालच्या माणसाने केलेली अशी गोष्ट प्रमुखाने दाबली तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. आणि पालकांना आधी बोलवायचं की नाही ते फार विचार करून ठरवा. इथे हात लावणारा घरातच राहतोय, संध्याकाळी आई घरी जाऊन सगळ्यांसमोर विचारणार, तो माणूस रात्री त्याच घरात, पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन म्हणणार की मॅडम मी खोटं बोलले होते. म्हणून अशा वेळी पहिला फोन १०९८ ला, चाइल्डलाइन, फुकट आहे, चोवीस तास चालू. नागपुरात पोलिसांचा महिला आणि मुलांसाठीचा भरोसा सेल पण आहे, तिथेही जाता येतं. पोलिसांना २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवावं लागतं, म्हणजे पोरगी कुठे राहणार, तिच्या सोबत कोण, हे बघणारं कोणीतरी येतं.

आता शपथेचं. त्या मुलीशी आधी बोला, पोलीस यायच्या आधी. "तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही. मी म्हटलं होतं की कोणाला सांगणार नाही, पण हे थांबवायला मला दोन मोठ्या माणसांची मदत लागते, त्यांनाच सांगणार आहे, वर्गात कोणाला कळणार नाही." एवढं सरळ बोलायचं. मुलांना विश्वासघात वाटतो तो त्यांच्या पाठीमागे केल्यामुळे, समोर बसवून सांगितलं तर बहुतेक पोरी रडतात आणि मग त्यांचा श्वास मोकळा होतो, मी बघितलंय. यापुढे मात्र कोणतंही मूल "कोणाला सांगू नका" म्हणालं की शपथ घालायच्या जागी म्हणायचं, "तू बोल, मी ऐकते. तुला कोणी त्रास देत असेल तर मात्र मला मदत घ्यावी लागेल, पण तुला विचारल्याशिवाय गावभर करणार नाही." हे वाक्य आरशासमोर दोनचार वेळा म्हणून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही.

पोरगी जे बोलली ते तिच्याच शब्दात लिहून ठेवा, ती "तिकडे" म्हणाली असेल तर "तिकडे" च लिहा, तारीख आणि वेळ टाका, तुमचा अंदाज त्यात मिसळू नका. खोदून खोदून विचारू नका, ते काम पोलिसांच्या महिला अधिकाऱ्याचं, त्या वर्दीत न येता तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे जबाब घेतात, मुलीचा विश्वास असलेलं माणूस सोबत बसवून. तो कागद वर्गाच्या टेबलाच्या खणात नको, कपाटात कुलूप लावून. आणि स्टाफरूममध्ये एक शब्द नको मॅडम. "अगं त्या अमुकच्या पोरीचं कळलं का" इथून सुरू होतं आणि चार वाजेपर्यंत व्हॅनच्या रांगेत उभ्या सगळ्या आयांना माहीत असतं. कळवायचं ते ज्याच्या हातात काही करणं आहे त्याला, बाकी कोणालाही नाही.

प्रश्न : आमचे कोचिंग क्लास आहेत. दर रविवारी टेस्टचे मार्क नाव टाकून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. एका पालकाने हरकत घेतली. बाकी पालक म्हणतात टाका, कॉम्पिटिशन राहते. काय करावं?

उत्तर : हरकत घेणाऱ्यांचं ऐका. प्रत्येक पालकाला त्याच्याच मुलाचे मार्क पाठवा, वर्गाचा सर्वात जास्त आणि सरासरी मार्क ग्रुपवर टाका, नावं नाही, कॉम्पिटिशन त्यातही राहते. तो ग्रुप दोनशे लोकांचा, त्यात काका, आजोबा, किराणावाले कोण कोण असतात, आणि ४० पैकी ६ मिळालेलं पोरगं संध्याकाळी दुकानात साखर आणायला जातं तेव्हा दुकानदार विचारतो काय बे, सहाच? गेल्या वर्षी फी बाकी असलेल्यांची यादी ग्रुपवर टाकल्याचंही हरकत घेणाऱ्या पालकांनी मला वेगळं कळवलंय. ते तर आजच डिलीट करा.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. गप्प गप्प राहायला लागला, जेवण कमी झालं, म्हणून त्याला शाळेच्या काउन्सेलर मॅडमकडे पाठवलं. सहा सेशन झाले, मी विचारलं काय बोलतो तो, तर त्या म्हणतात "तो बोलतोय, बरं चाललंय, बाकी मी सांगू शकत नाही." मी आई आहे ना! रात्री त्याचा मोबाइल पण तपासला, काही मिळालं नाही. आईपासून लपवायचा यांना काय अधिकार?

उत्तर : तुमचा राग कळतो. नऊ महिने पोटात वाढवलेलं पोर बाहेरच्या बाईजवळ बोलतं आणि आपल्याजवळ बोलत नाही, हे लागतंच. पण त्या मॅडम बरोबर करतायत, आणि तुमच्या मुलासाठी करतायत.

पंधरा सोळाचा पोरगा काउन्सेलरसमोर बसतो तेव्हा पहिले दोनतीन सेशन तो फक्त अंदाज घेत असतो की ही आईला सांगते का. तो एखादी छोटीशीच गोष्ट मुद्दाम सांगून बघतो, की मी ट्यूशनला दांडी मारून फुटाळा तलावावर गेलो होतो, आणि घरी गेल्यावर आई त्यावर बोलली की दार बंद. नाही बोलली की मग हळूहळू खरं निघतं, मित्राशी तुटलेलं, वर्गात कोणीतरी चिडवतंय, स्वतःबद्दल काही कळत नाहीये, काहीही. तुमच्या घरी तो आत्ता गप्प आहे आणि तिथे बोलतोय, ही चांगली बातमी आहे बरं का.

तरी गुप्तता म्हणजे सगळंच बंद असं नसतं. स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा त्याच्यावर कोणी अत्याचार करतंय, या गोष्टी निघाल्या की चांगली काउन्सेलर थांबत नाही, पालकांना किंवा जिथे कळवायचं तिथे कळवते, आणि हे तिने पहिल्याच दिवशी मुलाला सांगितलेलं असतं. तुम्हाला सांगितलं नसेल तर आत्ता विचारून घ्या, कोणत्या गोष्टी तुम्ही मला सांगाल आणि कोणत्या नाही, तो तुमचा हक्क आहे. उद्या सायकॅट्रिस्टकडे जायची वेळ आली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटच्या माहितीची गुप्तता आहेच, पण अठराच्या खालच्या मुलाच्या उपचाराचा निर्णय पालकाला धरूनच होतो, गोळी कोणती, किती दिवस, हे तुम्हाला माहीत असणारच. त्याने कोणत्या मुलीचं नाव घेतलं हे माहीत असायची गरज नाही.

मॅडमना विचारायचा प्रश्न बदला. "तो काय बोलला" याच्या जागी "घरी मी काय करू, काय करू नको" विचारा, याचं उत्तर त्या नक्की देतील, आणि कधी तिघांनी एकत्र बसू असंही म्हणता येतं, मुलगा तयार असेल तर. मोबाइल रात्री तपासणं बंद करा. आज ना उद्या त्याला कळतं आणि मग तो बोलण्याची उरलीसुरली जागाही जाते. मात्र तो मरणाबद्दल बोलला, लिहिलं, वस्तू वाटायला लागला, तर गुप्तता वगैरे काही बघायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलतात, रात्री दोनलाही लागतो.

प्रश्न : मी आशा वर्कर आहे. माझ्या भागातली १७ वर्षांची पोरगी, दिवस गेले. पोरगाही ओळखीचा, जबरदस्ती नाही असं पोरगी म्हणते. तिची आई म्हणते दवाखान्यात नेलं की पोलीस येतील, पेपरात नाव येईल, म्हणून मेडिकल स्टोअरमधून गोळी आणून दे. मी काय करू ताई?

उत्तर : गोळी आणून देऊ नका, काहीही झालं तरी. किती आठवडे झालेत हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही आणि दिवस जास्त भरले असतील तर रक्तस्त्राव थांबत नाही, पोर जिवानिशी जाते. तिला आणि आईला घेऊन नागपूरच्या डागा स्मृती दवाखान्यात किंवा मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, स्त्रीरोग विभागात जा, आजच.

आईच्या भीतीबद्दल तिला नीट समजावून सांगा. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला, त्यात म्हटलंय की अठराच्या खालची मुलगी गर्भपातासाठी आली तर डॉक्टरला पॉक्सोखाली कळवावं तर लागतं, पण मुलगी आणि तिचे पालक म्हणाले तर कळवताना मुलीचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. कोर्टाला दिसलं की नावाच्या भीतीने पोरी भोंदू लोकांकडे जातायत आणि मरतायत. शिवाय गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५ए आलं, डॉक्टरने बाईचं नाव कायद्याने हक्क असलेल्या माणसाशिवाय कोणालाही सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पेपरात नाव येणं तर पॉक्सोनेच बंद आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये दोघांचं, अल्पवयीन मुली त्यात बसतात. आईची लेखी संमती लागेल, तिला सोबतच न्या. पण करायचं की नाही याचं मत पोरीचंही विचारा, एकटीला बाजूला बसवून.

एक गोष्ट मात्र साफ सांगते. अठराच्या खाली पोरीने हो म्हटलेलं कायदा धरत नाही, आणि नाव न देण्याची ती सूट कोर्टाने डॉक्टरांसाठी दिलीय, तुमच्यावर कळवायची जबाबदारी वेगळी आहे. ती कशी पार पाडायची यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो, त्यांच्याशी मुलीचं नाव न घेता बोला. तुमच्या डायरीत, मासिक बैठकीत, गटप्रवर्तक ताईसमोर चार जणी बसलेल्या असताना हे नाव निघता कामा नये. तुम्ही त्याच गल्लीत राहता, हळदीकुंकवाला त्याच घरी जाता, म्हणून तुम्हाला हे सगळ्यात जड आहे याची मला कल्पना आहे.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे मित्र झोपडपट्टीत शनिवार रविवार मुलांना शिकवतो. इन्स्टावर फोटो टाकल्याने वह्या, स्वेटर मिळतात. एका सरांनी टोकलं की मुलांचे फोटो टाकू नका. मुलं तर स्वतः म्हणतात भैया फोटो काढ!

उत्तर : तुम्ही करताय ते मनापासून करताय, चालू ठेवा. फोटोचं मात्र सरांचं बरोबर आहे. आठ वर्षांचं पोरगं फोटो काढ म्हणतं तेव्हा त्याला स्क्रीनवर स्वतःला बघायचं असतं, "याचे वडील दारू पितात, आई भांडी घासते, तरी हा शिकतोय" या ओळीखाली आपण कायमचे राहणार हे त्याला कुठे माहीत असतं. तोच पोरगा उद्या बर्डीच्या कॉलेजात अकरावीला जाईल आणि कोणीतरी ती पोस्ट शोधून वर्गाच्या ग्रुपवर टाकेल.

चेहरा ब्लर केला की झालं असंही नाही. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, मागची टपरी, दुकानाची पाटी, इन्स्टाचं लोकेशन, यातून पोर ओळखू येतं. बालगृहातली मुलं, कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलं, अत्याचार झालेली किंवा साक्षीदार असलेली मुलं, यांच्या बाबतीत तर २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४ आहे, नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये बलात्कार आणि पॉक्सोच्या पीडितांबद्दल सांगितलं की आडून आडूनसुद्धा ओळख पटेल असं काही देऊ नका. तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी असेल आणि तुम्हाला माहीतही नसेल.

वह्या देणाऱ्यांना वह्या पोचल्याचं दिसलं पाहिजे, एवढंच ना. मग पाठमोरे फोटो, पेन धरलेले हात, नाव न लिहिलेली चित्रं, भिंतीवर लावलेला पाढ्यांचा तक्ता, आणि सोबत किती वह्या आल्या, किती वाटल्या याचा हिशोब टाका, चांगल्या माणसाला तो हिशोब जास्त आवडतो. चेहऱ्याचा फोटो हवाच असेल तर आईबापाला पोस्ट दाखवून, मजकूर वाचून दाखवून विचारा, आणि नाही म्हणाले तरी स्वेटर मिळेल हे आधी सांगा. नाहीतर ती परवानगी कसली.

प्रश्न : वसतिगृहात एका मुलाला एचआयव्ही आहे, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या, गोळ्या रोज रात्री घेतो. स्वयंपाकवाल्या मावशींना डबीवरून कळलं, आता त्याचं ताट वेगळं ठेवतात. इतर पालकांना सांगावं का?

उत्तर : इतर पालकांना अजिबात सांगायचं नाही. २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तो म्हणतो की संमतीशिवाय कोणाचंही एचआयव्ही असणं उघड करायचं नाही, आणि शाळेत, राहायच्या जागेत भेदभाव करायचा नाही. ताट आजच्या जेवणापासून सगळ्यांसोबत. एका पंगतीत जेवल्याने, एकत्र खेळल्याने, एकच संडास वापरल्याने एचआयव्ही होत नाही, मावशींना हे रागावून न सांगता कोणीतरी बसून समजावून सांगा, मेडिकलच्या एआरटी सेंटरचे समुपदेशक मदत करतील, मुलाचं नाव न घेता. रक्त आलेली जखम असेल तर हातमोजे घालायचे, पण ते प्रत्येक मुलाच्या जखमेला, म्हणजे एकटा कोणी वेगळा दिसत नाही. गोळ्या ऑफिसच्या कपाटात कुलपात, वॉर्डन आणि आणखी एक माणूस, एवढ्यांनाच किल्ली. रात्री गोळी द्यायची वेळ सगळ्यांच्या दुधाच्या वेळेला जोडा म्हणजे त्याला रोज एकट्याला हाक मारून बोलवावं लागणार नाही. गोळी चुकवायची नाही हे मात्र पक्कं, मुलं लाजून गोळी लपवतात तेव्हाच आजार वाढतो.

प्रश्न : ताई मी स्कूल व्हॅन चालवतो. पोट्टे मागे बसून बोलतात ते सगळं ऐकू येते. एक मुलगी ब्लेडने हात कापते असं दुसऱ्या दोघी बोलत होत्या, ती उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते हे मी पण पाहिलं. मी ड्रायव्हर माणूस, मी बोलावं का?

उत्तर : काका, बोलाच. तुम्ही एवढं लक्ष ठेवता यातच तिची अर्धी सोय झाली. त्या मुलीला व्हॅनमध्ये सगळ्यांसमोर काही विचारू नका, बाही वर करायला लावू नका, आणि त्या दोघी मैत्रिणींनाही दटावू नका, त्या काळजीनेच बोलत असतील. स्टॉपवर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या आयांना नाही, व्हॅनच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. तिला सोडल्यावर शाळेत आत जा, क्लास टीचर किंवा काउन्सेलर मॅडमना एकट्यात भेटा, फोनवर मेसेज टाकण्यापेक्षा समोर बोललेलं बरं, आणि जेवढं ऐकलं पाहिलं तेवढंच सांगा. दोन दिवसांनी मॅडमना विचारा की बघितलं का, त्या "हो बघतोय" म्हणाल्या की त्याहून जास्त विचारायचं नाही, त्या सांगणारही नाहीत आणि तेच योग्य आहे. काहीच झालं नाही असं वाटलं तर मुख्याध्यापकांना भेटा. आणि कधी ती मुलगी आजच जिवाचं काही करेल असं तुमच्या कानावर आलं, तर वाट बघू नका, तिला व्हॅनमधून एकटी उतरू देऊ नका, तिच्या आईला फोन करून आई खाली येईपर्यंत थांबा, बाकीच्या पोरांच्या घरी दहा मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या.